कंसातलं वाचायचं नसतं

एक गोष्ट मी छातीवर हात ठेवून सांगतो. पस्तीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरकी केली, पण माझ्या वर्गात उभं राहिलेलं पोर उत्तर न देता खाली बसलं नाही. कधी मारलं नाही, कधी ओरडलो नाही, आणि उत्तर तर कधीच सांगितलं नाही. मी नुसता थांबायचो. थांबण्यात माझा हात धरणारा मास्तर अख्ख्या भिवापूर तालुक्यात नव्हता. माझ्या वर्गाच्या खिडकीत चिमण्यांनी घरटं बांधलं, अंडी घातली, पिल्लं उडून गेली, तरी मी एका पोराच्या नऊ सत्ते किती यासाठी थांबलेलो असायचो, असं आमचे हेडमास्तर सगळ्यांना सांगत. थोडं वाढवूनच सांगत. पिल्लं उडाली नव्हती.

फारच अडलं तर मी हातानं खूण करायचो. ही माझी स्वतःची पद्धत. काना असेल तर हात सरळ वर न्यायचा आणि उभा खाली ओढायचा. वेलांटी असेल तर डोक्यावरून वळवून खाली आणायचा. पोरं हवेत अक्षर बघायची आणि बरोबर बोलायची.

अपवाद एकच, मारोत. माझ्या नोकरीचं पहिलं वर्ष होतं, दुसरीचा वर्ग. मी विचारलं, ‘पाणी’ या शब्दातला न कोणता, नळातला की बाणातला? आमच्याकडे लहानथोर सगळे ‘पानी’च म्हणतात, त्यामुळे प्रश्न वाटतो तेवढा सोपा नाही. मारोत उभा राहिला. मी थांबलो. तास संपला, मधली सुट्टी झाली, शाळा सुटली, शेवटी त्याची आई त्याला शोधत आली. दुसऱ्या दिवसापासून माझा तास आला की त्याच्या पोटात दुखायला लागलं. पण मी त्याला चुकला असं कधी म्हटलं नाही. उत्तर यायचं आहे, एवढंच म्हणत आलो. त्याला आता बेचाळीस वर्षं झाली.

तर असा मी, चंपतराव गुरुजी. निवृत्तीनंतर नागपुरात राहतो. मागच्या महिन्यात माझा एक जुना विद्यार्थी प्रेमानंद पेढ्याचा पुडा घेऊन घरी आला. तो आता विद्यापीठाच्या नाट्य आणि नृत्य विभागाचा प्रमुख आहे. कुठलं विद्यापीठ ते मी सांगणार नाही. त्यांच्या अब्रूचा प्रश्न नाही, माझ्या आहे.

प्रेमानंदनं सांगितलं की विभागाचा रंगोत्सव येतो आहे. सहा संध्याकाळी विद्यार्थ्यांची नाटकं आणि नृत्यं, आणि शेवटच्या संध्याकाळी दोन्ही वर्गांचा मिळून एक प्रयोग. त्या प्रयोगाच्या प्रॉम्प्टरला कावीळ झाली. विंगेत वही घेऊन उभं राहायचं आणि नट अडला की पुढचा शब्द सांगायचा, एवढंच काम. शांत डोक्याचा माणूस हवा. गुरुजींपेक्षा शांत डोकं नागपुरात कुणाचं?

मी होकार देणार तेवढ्यात आतून आमच्या सौभाग्यवती, प्रेमिलाबाई, चहा घेऊन आल्या.

“अजी, तुम्ही अन् उत्तर सांगणार? लग्नाले चाळीस वर्षं झाली. चष्मा कुठी ठेवला म्हणून विचारलं, तं तुम्ही मले म्हणता, ‘आठव बघू.’”

प्रेमानंद हसला. मीही हसलो. ती मात्र हसली नाही, एवढं तेव्हाच लक्षात घ्यायला हवं होतं.

होकार देण्याचं खरं कारण वेगळंच होतं. त्या नाटकात मुख्य काम धनश्री करत होती. धनश्री माझ्या शेवटच्या शेवटच्या पोरांपैकी, पहिलीत माझ्याकडेच हवेतले काने-वेलांट्या बघून वाचायला शिकलेली. आणि धनश्री कुणाची मुलगी? त्याच मारोतची. आता त्याला सगळे मारोतराव म्हणतात. भिवापुरात त्याची मिरची दळायची मोठी चक्की आहे. पोरीनं नाटक शिकायचं म्हटल्यावर त्यानं आधी साफ नाही म्हटलं होतं. मग मी फोन केला. तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, तुमच्या शब्दावर एक वर्ष धाडतो. वर्षाच्या शेवटी मी सोता येऊन पाहीन. शिक्षण असन तं दुसरं वर्ष. टाइमपास असन तं पोट्टी घरी, चक्कीवर.”

रंगोत्सवाची शेवटची संध्याकाळ म्हणजे तो वर्षाचा शेवट. मारोतरावाला तिसऱ्या रांगेतला पास गेला होता. पोरीचं दुसरं वर्ष त्या दीड तासावर टांगलेलं होतं, आणि तिच्या पाठीशी विंगेत मी. मला वाटलं, यापेक्षा सुरक्षित हात कोणते?

नाटक वैभव नावाच्या विद्यार्थ्यानं लिहिलं होतं आणि तोच बसवत होता. नाव ‘पुढचा नंबर’. धंतोलीतल्या एका दवाखान्यात बाहेरच्या बाकावर बसलेली माणसं, असा देखावा. मौद्याची रुख्माबाई म्हातारा नवरा आत ठेवून बाकावर बसली आहे. डॉक्टर ऑपरेशनच्या कागदावर सही मागतो आणि तिला ठरवायचं आहे. रुख्माबाई म्हणजे धनश्री. डॉक्टर म्हणजे प्रज्वल नावाचा उंच मुलगा. शेवटी रुख्माबाईला आपल्या अंगणात वाळत घातलेल्या मिरच्या आठवतात, तिथे नृत्य विभागाच्या अकरा मुली लाल ओढण्या घेऊन येतात. त्यांची पुढारी मुग्धा.

वैभवनं मला टाइप केलेली संहिता दिली. मी ती घरी आणून शंभर पानी वहीत स्वच्छ अक्षरात उतरवून काढली. टाइपातले ऱ्हस्व-दीर्घ सुधारले. ‘मले’, ‘तुले’ तेवढं पात्रांच्या तोंडी म्हणून तसंच ठेवलं, मन घट्ट करून. आणि कंसातला मजकूर सगळा गाळला. शाळेत नाटकाचा धडा असला की एखादं पोर हमखास मोठ्यानं वाचायचं, “राजा कंसात रागावून कंस पूर्ण चालता हो!” पस्तीस वर्षं मी एकच सांगत आलो: बाळा, कंसातलं वाचायचं नसतं. जे नटानं बोलायचं नाही ते प्रॉम्प्टरनं कशाला लिहायचं? वही कशी सुटसुटीत झाली.

पहिल्याच तालमीत प्रज्वल अडला. “आजी, तुमच्या मालकांची...” म्हणाला आणि माझ्याकडे बघायला लागला. मीही त्याच्याकडे बघितलं, मायेनं. म्हटलं, घाई नाही, आठव. त्याला आठवेना. मी म्हटलं, ‘श’वरून आहे. तो म्हणाला, शेती. म्हटलं, नाही. शिदोरी, शेरडं, शाळा, शिळा भात, असा तो पुष्कळ फिरून आला. वैभव खुर्चीत हळूहळू खाली घसरत चालला होता. अकरा मिनिटांनी प्रज्वलच्या तोंडून ‘शस्त्रक्रिया’ निघालं आणि मी वर्गातल्यासारखी शाबासकी दिली. तोपर्यंत बाकावरचे दोन पेशंट चहा पिऊन आले होते.

प्रेमानंदनं मला बाजूला घेतलं. फार अदबीनं सांगितलं की गुरुजी, इथं लगेच सांगायचं असतं. मी शब्द दिला, लगेच सांगीन. पुढच्या वेळी लगेच सांगितलं. तर वैभव मागच्या रांगेतून हात जोडत आला. माझं कुजबुजणं त्याला शेवटच्या खुर्चीत ऐकू आलं होतं. चाळीस पोरांच्या वर्गात घडलेला आवाज तो, त्याला कुजबुजायची सवय कुठली?

आणखी एक काम माझ्याकडे आलं. त्या सभागृहाचा पडदा देवाजी ओढतात. तीस वर्षं त्याच दोरावर आहेत आणि कानानं अधू झाले आहेत, त्यामुळे त्यांना खूण लागते. समोरच्या विंगेत मुग्धाच्या मुली घुंगरं बांधून उभ्या असणार, त्यांनाही खूण लागते. वही माझ्याकडे, म्हणजे खूणही माझ्याकडेच. वैभवनं मला तीनदा पाठ म्हणून दाखवायला लावलं: शेवटचं वाक्य झालं की हात वर, म्हणजे मुली आत. नाच संपला की हात खाली, म्हणजे पडदा. मी म्हटलं, बाळा, दोनच खुणा. मी अख्खी बाराखडी हातानं शिकवली आहे.

हे वाक्य मी बोललो आणि एकाच्याही डोक्यात प्रकाश पडला नाही. माझ्याही नाही.

शेवटचा प्रवेश मात्र मी तालमीत एकदाही बघितला नाही. तिथवर आलं की पाच वाजायचे, मुग्धाची फौज घुंगरं वाजवत दारात उभी राहायची आणि हॉल त्यांचा व्हायचा. वैभव म्हणायचा, राहू द्या, शेवटचं धनश्रीचं आहे, ती वेगळं बसून करते आहे. मी वहीवरून वाचून ठेवलं होतं. डॉक्टर म्हणतो, “आजी, काय ठरवलं?” त्यावर रुख्माबाई म्हणते, “पानी द्या मले थोडं.” मग शेवटचं वाक्य. सोपं होतं.

प्रयोगाच्या संध्याकाळी मी पांढरं धोतर, पांढरा सदरा, खांद्याला झोळी, झोळीत पाण्याची स्टीलची बाटली, असा साडेपाचलाच विंगेत हजर. पडद्याच्या फटीतून बघितलं. तिसऱ्या रांगेत मधोमध मारोतराव बसला होता. दोन्ही हात छातीशी बांधून, आयकर खात्याचा माणूस दुकानात बसतो तसा. धनश्रीनंही त्याच फटीतून बघितलं. डोक्यावर पांढरी झालेली वेणी, अंगावर नऊवारी, आणि चेहरा सहा वर्षांच्या पोरीचा.

“गुरुजी, बाबा पहिल्या पाच मिनिटांत उठून गेले तं?”

“तो उठत नाही,” मी म्हटलं. “तुझा बाप एका जागी किती वेळ थांबू शकतो ते माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नाही.”

ती हसली आणि मंचावर गेली.

नाटक सुरू झालं आणि तुम्हाला सांगतो, मला काही कामच उरलं नाही. प्रज्वल ‘शस्त्रक्रिया’ असा काही ठणकावून बोलला की पहिल्या रांगेतल्या एका बाईनं पोट धरलं. लोक हसले तिथे हसले, गप्प झाले तिथे गप्प झाले. मी फटीतून अधूनमधून तिसऱ्या रांगेकडे बघत होतो. मारोतरावाच्या हातांची घडी सुटली होती.

मग शेवटचा प्रवेश आला. वैभवनं रुख्माबाईचा बाक अगदी पुढे, पडद्याच्या रेषेच्याही पुढे ठेवला होता, म्हणजे ती लोकांच्या मांडीला मांडी लावून बसल्यासारखी वाटावी. प्रज्वलनं कागद पुढे केला.

“आजी, काय ठरवलं?”

धनश्री बोलली नाही.

मी वही बघितली. पुढचं वाक्य तिचंच. मी तिच्याकडे बघितलं. ती समोर बघत होती, ओठ थोडे उघडे, हात फाइलवर. बोलत नव्हती. सभागृहात कुणी खोकलं. ती बोलली नाही.

पोर विसरली! वर्षभर एक शब्द न चुकलेली पोर, बाप तिसऱ्या रांगेत, आणि आता विसरली. सांगावं म्हटलं तर माझा आवाज मारोतरावालाच आधी ऐकू जाणार. पोरगी अडली हे त्याला तिथेच कळणार. न सांगावं तर तेही कळणार. प्रेमानंद समोरच्या विंगेतून डोळे मोठे करून माझ्याकडे मान हलवत होता. मला वाटलं, सांगा, सांगा, म्हणतो आहे. तो खरं तर नको, नको, म्हणत होता. पण नागपुरातल्या माणसाची मान दोन्हीसाठी सारखीच हलते.

आणि मला सुचलं. तिला अक्षर दाखवायचं! पहिलीत शिकली तसं. आवाज नाही, गवगवा नाही.

ती समोर बघत होती, म्हणून तिच्या नजरेत यायला मी दोन पावलं पुढे सरकलो. मग आणखी दोन. शब्द होता ‘पाणी’. प-ला काना. मी हात सरळ वर नेला.

हात वर! समोरच्या विंगेतून ढोलक सुरू झाली आणि अकरा मुली लाल ओढण्या उडवत आत घुसल्या. प्रज्वल मधोमध कागद घेऊन उभा होता, तो मिरच्यांत बुडाला. माझी त्यांच्याकडे पाठ. मला वाटलं, ढोलक दुसऱ्या कुठल्या हॉलमधली.

काना पुरा करायला मी हात उभा खाली ओढला.

हात खाली! देवाजींनी दोर सोडला. पडदा आला तो माझ्या पाठीला वारा लागेल इतक्या जवळून. अकरा मुली, डॉक्टर, दवाखाना, सगळं आत. बाकावर धनश्री आणि तिच्या कडेला हात हवेत धरलेला मी, एवढेच बाहेर.

तरीही, खोटं कशाला सांगू, माझं लक्ष पोरीवरच होतं. प झाला, पा झाला, आता ‘णी’. दुसरी वेलांटी. मी हात पुन्हा वर नेला आणि डोक्यावरून वळवला. देवाजी पडद्याच्या कडेनं डोकावून बघत होते. हात वर दिसताच ते गोंधळले आणि त्यांनी पडदा गुडघ्याएवढा उचलला. वेलांटी खाली आली तसा त्यांनी तो परत सोडला. मधल्या वेळात लोकांना घुंगरं बांधलेले बावीस पाय आणि त्यांच्यात वाट शोधणारे डॉक्टरचे दोन बूट दिसले.

सभागृह हसलं. तेव्हा मी मागे वळलो, आणि मागे दवाखाना नव्हता, पडदा होता. पुढे वळलो, तर पाचशे माणसं.

आता बघा. समोर भरलेला वर्ग, माझ्या हातात वही, नाकावर चष्मा, आणि पस्तीस वर्षांत पहिल्यांदाच मी उभा, निरुत्तर. काही म्हणजे काही आठवेना. नावसुद्धा नाही. कोणीतरी एक अक्षर दाखवावं, असं झालं.

धनश्रीनं माझ्याकडे मान वळवली. चेहरा रुख्माबाईचाच, म्हातारा, थकलेला.

“भाऊ,” ती म्हणाली, “पानी द्या मले थोडं.”

तिला आठवलं होतं! मला इतका आनंद झाला की पुढचं माझ्या तोंडून आपोआप निघून गेलं.

“पानी नव्हे. पाणी.”

हशा छतापर्यंत गेला. ती मात्र हलली नाही. फाइल छातीशी धरून म्हणाली, “नळातलं द्या, नाहीतर बाणातलं द्या. पण पहिले द्या जी. घसा सुकून राहिला.”

एवढ्यावर मी शहाण्यासारखं बाटली काढून द्यायला हवी होती. पण वही हातात असली आणि समोर माणसं बसलेली असली की माझ्यातला मास्तर माझ्या हुकमात राहत नाही. मी वर्गाकडे, म्हणजे प्रेक्षकांकडे, वळून विचारलं:

“सांगा. पाणी शब्दातला न कोणता?”

लोक हसायचे थांबले. मी थांबलो. तेवढं मला येतं. पडद्यामागे घुंगरं वाजत होती, एका मुलीची ओढणी पडद्याच्या खालून बाहेर आली होती आणि प्रज्वल ती आत ओढत होता. मी थांबलो.

तिसऱ्या रांगेतून मारोतराव उभा राहिला. पन्नास वर्षांचा माणूस, मिशा पिकलेल्या. त्यानं हात अंगाशी सरळ लावले.

“बाणातला, गुरुजी.”

“बरोबर,” मी म्हटलं. “बस.”

तो बसला. आणि तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांसमोरचं सगळं सभागृह पाण्यात बुडालं. बाणातल्या.

मी झोळीतून बाटली काढून रुख्माबाईला दिली. ती प्यायली. घाई न करता, म्हातारी पिते तशी, मधे थांबून, पदरानं तोंड पुसून. हसणारी माणसं कधी गप्प झाली ते कळलंसुद्धा नाही. तिनं बाटली मला परत दिली, फाइल उचलली, उभी राहिली आणि बापाच्या डोक्यावरून पार मागच्या भिंतीकडे बघत शेवटचं वाक्य बोलली.

“सही नाही करत मी. घरी नेतो त्याले.”

तिसऱ्या रांगेत रुमाल निघाला. एकच नाही, बरेच निघाले, पण मी एकच बघत होतो. माझा हात खाली होता, वर होता की कुठे होता, देव जाणे. देवाजींनी पडदा उचलला आणि मिरच्या पुन्हा पहिल्यापासून नाचल्या. फक्त त्यांच्यात एक डॉक्टर होता, त्याला बाहेर जायची वाट सापडेना म्हणून तोही नाचला. टाळ्या थांबेनात.

नंतर रंगपटात गर्दी झाली. वैभव कोपऱ्यात ट्रंकेवर डोकं धरून बसला होता आणि लोक येऊन त्याची पाठ थोपटत होते. खादीचं जाकीट घातलेले एक गृहस्थ मला गाठून हळूच म्हणाले की पांढऱ्या कपड्यातला तो जलदाता म्हणजे मृत्यूच ना? मी म्हटलं, नाही, जिल्हा परिषद. त्यांनी ते टिपून घेतलं.

मग मारोतराव आला. धनश्री त्याच्यासमोर नऊवारीतच उभी राहिली. नाकाचा शेंडा लाल, ओठ घट्ट. तो बराच वेळ काही बोलला नाही. या वेळी मी हात पाठीमागे बांधून ठेवले होते.

“तुझी आजी अशीच बसे,” तो शेवटी म्हणाला. “धंतोलीतच. माझे बाबा आत होते तवा. अशीच, मुक्यानं. मले वाटलं, तुले कोनं सांगतलं?”

“कोणीच नाही,” ती म्हणाली.

त्यानं डोळे पुसले, घसा खाकरला आणि माझ्याकडे वळला. “गुरुजी, दुसरं वर्ष शिकू द्या तिले. तिसरं असन तं तेबी. शिक्षण हाय हे. मले बेचाळीस वर्षांत जे आलं नाही, ते इथं दीड तासात आलं.”

धनश्रीनं त्याच्या खांद्यावर डोकं ठेवलं आणि पांढऱ्या वेणीचा सगळा पांढरा रंग त्याच्या सदऱ्याला लागला. मीही मागे राहिलो नाही. मोठेपणानं सांगितलं की मारोत, पोर शेवटी क्षणभर अडली होती, पण त्यात काही नाही, सगळेच अडतात, मी होतोच तिथं.

धनश्रीनं डोकं उचललं.

“गुरुजी, मी अडली नव्हती.”

“अगं, सांगायला काय लाज? चांगलं अर्धं मिनिट गप्प होतीस.”

“पूर्ण मिनिट राहायचं होतं,” कोपऱ्यातून वैभव म्हणाला. प्रयोगानंतर तो पहिल्यांदाच बोलला. त्यानं ट्रंकेवरची आपली संहिता उघडून माझ्यासमोर धरली. डॉक्टरच्या वाक्याखाली लिहिलं होतं:

(रुख्माबाई बराच वेळ गप्प. प्रेक्षक अस्वस्थ होतील इतका वेळ गप्प. या वेळात मंचावर कोणीही, काहीही हलत नाही.)

मी दोनदा वाचलं. मग माझी शंभर पानी वही उघडली. तिथे डॉक्टरच्या वाक्याखाली, स्वच्छ अक्षरात, लगेच पाणी होतं.

“कंसातलं...” मी सुरुवात केली.

“...वाचायचं नसतं,” धनश्री, मारोतराव आणि प्रेमानंद, तिघांनीही एका सुरात वाक्य पुरं केलं. माझेच विद्यार्थी ते. पाठांतर पक्कं.

घरी येऊन मी प्रेमिलाबाईंना सगळं सांगितलं. म्हटलं, बघ, मी किती मोठी चूक केली असेन, ओळख. ती भाकरी थापत होती. तिनं वरही बघितलं नाही. “आता मी नाही ओळखत जी,” म्हणाली. “आठवा तुमचं तुम्ही.”

धनश्रीचं दुसरं वर्ष सुरू झालं आहे. मारोतराव भिवापुराहून दर महिन्याला मिरचीपूड पाठवतो. पुडीवर ‘पाणी न लागू देणे’ असं लिहिलेलं असतं, आणि ण खालची रेघ दोनदा गिरवलेली. यंदाच्या रंगोत्सवाचं निमंत्रणही आलं. प्रेमानंदनं स्वतःच्या हातानं पाकिटावर नाव घातलं होतं. आत तिसऱ्या रांगेतला, मारोतरावाच्या शेजारच्या खुर्चीचा पास. विंगेचा नाही. पासाच्या खाली एक छोटा कंस होता, आणि या खेपेला मी तो चष्मा लावून, अगदी शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला:

(गुरुजी, हाताची घडी, तोंडावर बोट.)